मुली गटात टिकाव्यात म्हणून समारंभ आणि बक्षिसं: उपयोग होतो का?

मृण्मयी_क

किशोरवयीन मुलामुलींच्या एका गटाचं काम मी काही वर्षं बघते आहे. आठवड्यातून एकदा जमायचं, पदभ्रमण, प्रथमोपचार, गाठी, तंबू, अधूनमधून सेवेचं एखादं काम, असा साधारण बाज. आठ-नऊ वर्षांच्या मुली भरपूर येतात, मुलग्यांपेक्षा जास्तच. बारा-तेराच्या झाल्या की गळती सुरू. भांडण नाही, तक्रार नाही. आधी एक आठवडा चुकतो, मग दोन, मग एक दिवस गणवेश धाकट्या बहिणीच्या अंगावर दिसतो. पंधराच्या पुढच्या तुकडीत मुलगे पुष्कळ आणि मुली हाताच्या बोटांवर.

परवाच्या बैठकीत समितीने यावर तोडगा काढला: वार्षिक सन्मान समारंभ. मंच, चषक, 'सर्वोत्कृष्ट मुलगी सदस्य', शंभर टक्के उपस्थितीचं पदक, पालकांना आमंत्रण. खर्चाची तरतूदही झाली. मला हे आतून पटत नाहीये, पण नुसतं "नको" म्हणून बैठकीत भागत नाही. आणि दुसऱ्या बाजूने असंही दिसतं की गाइडिंगसारख्या (म्हणजे मुलींच्या स्काउटिंगसारख्या) ज्या जुन्या चळवळी आहेत, त्यांच्याकडे बॅज आणि विधी यांची नुसती रेलचेल असते. म्हणजे त्यात काहीतरी दम असणारच.

तर ज्यांनी असे गट चालवलेत, ज्या स्वतः अशा गटात होत्या, ज्यांनी मध्येच सोडलं, सगळ्यांनी लिहा. समारंभामुळे कुणी टिकतं का?

---

टवाळ_पोर

पहिला!

हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मुली आणि त्यातल्या एकीला 'सर्वोत्कृष्ट'चा चषक. म्हणजे बाकीच्यांना गट सोडायला अधिकृत कारण. समिती हुशार आहे. (दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या)

---

वाचनवेडी

वाचतेय. विषय चांगला आहे. टवाळ, पहिल्याच प्रतिसादात मुद्द्याचं बोललास, तब्येत बरी आहे ना?

---

रानवाट

मृण्मयी, मी बरीच वर्षं गाइड कॅप्टन, म्हणजे मुलींच्या पथकाची प्रमुख ताई, होते, त्यामुळे थोडं लांबण लागेल.

तुम्ही 'समारंभ' या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी घेताय. एक, बक्षीस समारंभ: वर्षातून एकदा, पाहुण्यांच्या हस्ते, सगळ्यांसमोर, निवडक मुलींना. दुसरा, दीक्षाविधी किंवा वचनविधी: छोटा, आपल्याच पथकापुढे, प्रत्येकीला. मुलींना धरून ठेवतो तो दुसरा. पहिला पालकांसाठी आणि फोटोसाठी असतो. तो वाईट नाही, पण त्याच्याकडून टिकण्याची अपेक्षा करू नये.

दीक्षाविधी कसा होतो ते सांगते. पथक घोड्याच्या नालेच्या आकारात उभं राहतं. नवीन मुलीला तिची संघनायिका (पथकातल्या छोट्या संघाची प्रमुख, तीही मुलगीच) पुढे घेऊन येते. कॅप्टन नव्हे, संघनायिका. मुलगी तीन बोटांची खूण करून वचन म्हणते, बॅज लावला जातो, डाव्या हाताने हस्तांदोलन होतं आणि मग ती वळून स्वतःच्या संघात जाऊन उभी राहते. दहा मिनिटांचं काम. पण त्या दहा मिनिटांत 'येणारी मुलगी' जाते आणि 'आमच्या संघातली' होते. पुढच्या आठवड्यात ती आली नाही तर संघात एक जागा रिकामी दिसते, आणि ती रिकामी दिसते हे तिला माहीत असतं.

आता तुमच्या बारा-तेराच्या गळतीबद्दल. मुली गटाच्या मधूनच सुटत नाहीत, सांध्यावर सुटतात. लहान गटातून मोठ्या गटात जाताना. लहान गटात ती सगळ्यांत मोठी, सगळं येणारी, धाकट्यांना शिकवणारी असते. सुट्टी संपते आणि मोठ्या गटात ती एकदम सगळ्यांत लहान, काहीच न येणारी. मैत्रिणीही कदाचित आल्या नाहीत. तिथे कुणी थांबेल? म्हणून गाइडिंगमध्ये सगळ्यांत जपून करायचा विधी सांध्यावरचा असतो. अमेरिकेतल्या गर्ल स्काउट्समध्ये त्याला ब्रिजिंग म्हणतात. खरोखरचा छोटासा पूल ठेवतात, मुलगी तो ओलांडते, पलीकडे मोठ्या गटातली मुलगी तिला घ्यायला उभी असते. आणि त्याआधी तिने दोन कामं केलेली असावी लागतात: आपल्याला येणारं काहीतरी धाकट्यांना शिकवायचं आणि मोठ्या गटाबरोबर एखादा उपक्रम करून बघायचा. खरी करामत या दोन कामांत आहे. पुलापलीकडची मुलगी तोवर ओळखीची झालेली असते.

तुमच्याकडे सांध्यावर काय होतं? हजेरीपटावर नाव बदलतं, एवढंच ना?

---

मृण्मयी_क

रानवाट, हो. हजेरीपटावर नाव बदलतं. आणि जमायची वेळही बदलते, सकाळची संध्याकाळ होते. आत्ता लिहिताना जाणवलं की गळतीचं निम्मं कारण कदाचित तेच असेल.

---

तर्ककर्कश

भावनेचा पूर ओसरला असेल तर थोडं संशोधन बघू. 1973 साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीत एक प्रयोग केला. चित्रं काढायला मनापासून आवडणारी मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी चिकटी आणि फीत लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. नंतर एक-दोन आठवड्यांनी तेच रंगीत पेन वर्गात मोकळे ठेवले, तर ज्यांना बक्षीस कबूल केलं होतं ती मुलं इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत बसली. आवड होती, बक्षिसाने ती कामात बदलली.

तेव्हा समितीला सांगा, चषक वाटाल तर उरल्यासुरल्या मुलीही घालवाल. बॅजचंही तेच. शर्टावर छत्तीस बॅज लावून फिरणारी मुलं मी पाहिली आहेत, त्यातल्या एकालाही धड गाठ बांधता येत नव्हती.

---

रानवाट

तर्ककर्कश, प्रयोग बरोबर सांगितलात, पण अर्धाच. त्यात तिसरा गट होता. त्यांना काही कबूल केलं नव्हतं, चित्र झाल्यावर तेच प्रमाणपत्र अचानक दिलं. त्यांची आवड कमी झाली नाही. म्हणजे दोष प्रमाणपत्राचा नव्हता, "हे कर म्हणजे ते मिळेल" या सौद्याचा होता. शिवाय ती मुलं तीन ते पाच वर्षांची होती आणि जे काम त्यांना आधीच आवडत होतं त्याबद्दलचा तो प्रयोग. तेरा वर्षांच्या मुलीला होकायंत्र आधीपासून आवडतच असतं असं नाही. आधी हातात तर घ्यायला हवं.

गाठ न बांधता येणाऱ्या मुलाला बॅज कुणी दिला, हा प्रश्न त्या मुलाला नव्हे, परीक्षकाला विचारा.

---

टवाळ_पोर

छत्तीस बॅज शिवले कुणी? आईने. टाके सरळ, कडा दुमडलेल्या, मागे धाग्याची गाठ व्यवस्थित. गाठी कुणाला येतात ते कळलं ना? शिवणकामाचा बॅज खरा तिलाच द्यायला हवा.

---

सुईदोरा

टवाळला अनुमोदन. इस्त्रीने चिकटणारे बॅज घेऊ नका, दोन धुण्यांत कोपरे सुटतात. आधी चार कोपऱ्यांना कच्चा टाका, मग कडेने. आणि बाहीवर शिवताना बाहीत पुठ्ठा सरकवा, नाहीतर दोन्ही थर एकत्र शिवले जातात आणि हात आत जात नाही.

---

टवाळ_पोर

हा धागा वाचनखुणेत साठवला.

---

सुलभा_मावशी

विषयाकडे या रे पोरांनो.

मला पालकांच्या बाजूने सांगायचंय. रानवाटताई म्हणाल्या की मंचावरचा समारंभ पालकांसाठी असतो. बरोबर, पण म्हणून तो दुय्यम कसा? बारा-तेराची मुलगी गट सोडते तेव्हा दर वेळी ती स्वतः सोडत नाही, बऱ्याचदा घरचे सोडवतात. "आता अभ्यास वाढला", "संध्याकाळी उशीर होतो", "मुक्कामी कशाला जायचं". मुलग्याला हेच घर विचारत नाही. मुलगी तिथे जाऊन करते काय, हे आई-वडिलांनी कधी पाहिलेलंच नसतं. त्यांच्या लेखी ती खेळायला जाते. आणि खेळ सगळ्यांत आधी बंद होतो.

माझी मुलगी अशीच बंद होणार होती. यांचं ठाम मत होतं, आता पुरे. मग गटाने पालकांना बोलावलं. भाषणं नव्हती. मुलींनी बनवलेल्या स्ट्रेचरवरून त्यांनी चक्क पालकांना उचलून नेलं. यांना आमच्याच मुलीने आणि तिच्या तीन मैत्रिणींनी मैदानभर फिरवलं. एरवी कुणापुढे मान न तुकवणारा माणूस स्ट्रेचरवर आडवा होऊन मुलीच्या सूचना ऐकत होता. शेवटी तिला प्रथमोपचाराचा बॅज मिळाला. घरी आल्यावर "पुरे" हा विषय पुन्हा निघाला नाही.

तेव्हा पालकांना बोलवाच. फक्त खुर्चीवर बसवू नका.

---

वाचनवेडी

सुलभामावशी, स्ट्रेचर!! काकांचा फोटो आहे का?

---

सुलभा_मावशी

आहे. दाखवायची परवानगी नाही.

---

निळावंती

खूप दिवस रोमात (नुसती वाचत) होते, या धाग्यासाठी लिहितेय. मी सोळा वर्षांची आहे आणि अशाच एका गटात आहे, म्हणजे तुम्ही सगळे जिच्याबद्दल बोलताय ती मीच.

आमच्या बरोबरीच्या जवळजवळ सगळ्या मुली गेल्या. मी का राहिले ते सांगते. मला सामानाची किल्ली दिली होती. तंबू, दोऱ्या, प्रथमोपचाराची पेटी, सगळं माझ्याकडे. मी गेले नाही तर कपाट उघडत नाही. ती किल्ली मला आधीच्या ताईने दिली, सगळ्यांसमोर, वहीवर दोघींच्या सह्या करून. तो समारंभ होता का? आम्ही तसं म्हणत नव्हतो. पण मला तो दिवस अजून आठवतो, आणि त्याच वर्षी मिळालेला चषक कुठे आहे ते आठवत नाही.

शंभर टक्के उपस्थितीचं पदक कृपा करून देऊ नका. शंभर टक्के कोण येतं? ज्याला पाळी येत नाही, ज्याला घरी धाकटं भावंड सांभाळायला लागत नाही, ज्याला एकटं परत यायची मुभा आहे तो. आमच्याकडे हे पदक दर वर्षी मुलग्यालाच जायचं आणि वर सर म्हणायचे, "बघा मुलींनो, शिका काहीतरी."

आणि मंच. तेराव्या वर्षी मला मंचावर बोलावलं की पोटात गोळा यायचा. गणवेश तंग झालेला असायचा, सगळे बघतायत असं वाटायचं. काहींना आवडतं, मला मान्य आहे. पण नको असेल तर नको म्हणता यायला हवं. विचारत कुणीच नाही, थेट माइकवर नाव.

---

रानवाट

निळावंती, दंडवत! माझ्या एवढ्या लांबलचक प्रतिसादापेक्षा तुझी किल्ली भारी आहे.

---

मृण्मयी_क

निळावंती, उपस्थितीच्या पदकाचा परिच्छेद मी जसाच्या तसा बैठकीत वाचून दाखवला तर चालेल का? तुझं नाव न घेता.

---

निळावंती

चालेल की. सरांचं वाक्य तेवढं नक्की वाचा.

---

इतिहासाचार्य

या निमित्ताने एक जुनी हकीकत. बॅज आणि गणवेशाचं आकर्षण मुलींना कुणी लावलं नव्हतं, त्यांनी ते स्वतःच ओढून घेतलं. 1909 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला स्काउटांचा मोठा मेळावा झाला. तो मुलग्यांसाठी होता. तिथे काही मुली स्वतःच जमवलेल्या गणवेशात येऊन उभ्या राहिल्या, आम्हीही स्काउट आहोत म्हणून. पुढच्या वर्षी, 1910 मध्ये, स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी त्यांच्यासाठी गर्ल गाइड्स सुरू केली आणि सूत्रं बहीण ॲग्नेस यांच्याकडे दिली. तेव्हाही सगळ्या मुली खूश नव्हत्या. त्यांना वेगळं काहीतरी नको होतं, मुलग्यांना मिळतं तेच हवं होतं.

गंमत अशी की 1914 मध्ये धाकट्या मुलींसाठी गट काढला, त्याचं नाव ठेवलं रोझबड्स, म्हणजे गुलाबकळ्या. मुलींना ते पसंत पडलं नाही. वर्षभरात नाव बदलून ब्राउनी झालं. आठ वर्षांच्या मुलींनासुद्धा कळ्या व्हायचं नव्हतं.

आणि मुलींना 'तेच' मिळायला किती वेळ लागतो बघा. ब्रिटनमधला तरुणांसाठीचा ड्यूक ऑफ एडिंबरा पुरस्कार 1956 मध्ये फक्त मुलग्यांसाठी सुरू झाला, मुलींसाठी 1958 मध्ये. त्या मानाने लवकरच. अमेरिकेतल्या बॉय स्काउट्सचा (आता स्काउटिंग अमेरिका) ईगल हा सर्वोच्च दर्जा 1912 पासून दिला जातो, पण मुलींना त्या वाटेवर प्रवेश मिळाला फेब्रुवारी 2019 मध्ये. फेब्रुवारी 2021 मध्ये पहिल्या तुकडीचा गौरव झाला, तेव्हा त्यात जवळजवळ हजार मुली होत्या. दोन वर्षांत! दार उघडायचीच वाट बघत होत्या.

म्हणून 'सर्वोत्कृष्ट मुलगी सदस्य' हे प्रकरण मला खटकतं. पुरस्कार एकच ठेवा, कसोटी एकच ठेवा.

---

चौकोनी_चिमणी

इतिहासाचार्य, कसोटी एकच हे ऐकायला छान वाटतं, पण मी मिश्र गट चालवते आणि तिथे एकच कसोटी म्हणजे बहुतेक वेळा मुलग्यांच्या सवयीची कसोटी. संघनायक कोण? ज्याचा आवाज मोठा तो. तंबू कोण उभारतं? जो आधी खुंट्या हिसकावतो तो. नोंदवही कोण लिहितं? 'अक्षर चांगलं आहे' म्हणून मुलगी. वर्षाअखेरीला नेतृत्वाचा बॅज कुणाला, सांगायला नको.

आम्ही मुलींचे संघ वेगळे केले, गट तोच. एका संघात सगळ्या मुली असल्या की खुंट्या ठोकायला दुसरं कुणी नसतंच. मग कसोटी एक ठेवली.

आणि समारंभ म्हणाल तर एकदा तुमच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ आवाज बंद करून बघा. ध्वज कुणाच्या हातात आहे? संचलनाचे हुकूम कोण देतंय? पाहुण्यांना फुलं द्यायला कुणाला उभं केलंय? तबकात बॅज ठेवून मागे कोण उभी आहे? त्या दिवशी मंचावर मुलींना कितीही चषक द्या, मुली जे बघायचं ते बघतात. आमच्याकडे आता ध्वज, हुकूम, सूत्रसंचालन आणि फुलं यांच्या चिठ्ठ्या काढतो. एका वर्षी दोन दांडगे मुलगे फुलं घेऊन उभे होते. पाहुणे जरा गोंधळले, पण फुलं घेतली.

---

ध_चा_मा

पाहुण्यांचा विषय निघालाच आहे तर: समारंभाची लांबी आणि मुलींची गळती यांचा थेट संबंध आहे असं माझं निरीक्षण आहे. "मी फार वेळ घेणार नाही" या वाक्यानंतरचा काळ धरून.

---

टवाळ_पोर

पाहुण्यांसाठी 'थोडक्यात आटपणे' हा प्रावीण्य बॅज सुरू करा. आजवर एकही अर्जदार नाही.

---

तर्ककर्कश

विनोद पुरेत. माझा आक्षेप कायम आहे, फक्त जागा बदलतो. समजा सौदा टाळला, मुलींनीच विधी चालवला, सगळं आदर्श. तरी हे जे लांबलचक पुरस्कार असतात, गर्ल स्काउट्सचा गोल्ड अवॉर्ड वगैरे, ते मुली करतात कशासाठी? प्रवेश अर्जावर लिहायला. पुरस्कार मिळाला की मुलगी गायब. हे टिकणं नव्हे, हे थांबणं झालं.

---

निळावंती

काका (काकाच आहात ना?), मी एक अख्खं वर्ष फक्त प्रमाणपत्रासाठी आले. खरंच. सोडायचंच होतं, पण अर्धं काम झालेलं म्हणून पूर्ण करू म्हटलं. त्या वर्षात आम्ही एका शाळेच्या वाचनालयाची सगळी पुस्तकं लावली, यादी केली, फाटलेली चिकटवली. ते संपेपर्यंत माझी तिथल्या दोन मुलींशी घट्ट मैत्री झाली. मग प्रमाणपत्र आलं आणि मी गट सोडून गेलेच नाही. कारण वाईट असलं तरी माणूस पोचतो ना.

---

तर्ककर्कश

काकाच. एका उदाहरणावरून नियम होत नाही. पण उदाहरण चांगलं आहे.

---

रानवाट

तर्ककर्कश, गोल्ड अवॉर्डचं म्हणाल तर त्याला किमान ऐंशी तास काम सुचवलेलं आहे, आणि ते काम मुलीने स्वतः शोधलेल्या प्रश्नावर असतं, आपण संपल्यावरही चालू राहील अशी व्यवस्था लावून. त्याआधी कांस्य साधारण वीस तासांचा आणि रौप्य पन्नास. या चढणीकडे बघा. रौप्य नेमकं बारा-तेराच्या आसपास येतं, म्हणजे मृण्मयीच्या गळतीच्या वयात. त्या वयातल्या मुलीच्या हातात एक अर्धवट काम असतं जे तिचं आहे, संपलेलं नाही आणि दुसरं कुणी पूर्ण करणार नाही. निळावंतीचं वाचनालय म्हणजे तेच. शिवाय ड्यूक ऑफ एडिंबरामध्ये तर स्पर्धाच नाही. प्रत्येक जण आपलं ध्येय ठरवतो, ते पूर्ण केलं की पुरस्कार मिळतो. दुसऱ्याला मिळाला म्हणून आपला जात नाही.

मृण्मयी, बैठकीसाठी माझ्याकडून एवढं घे. बॅज मिळवल्यापासून दोन-तीन आठवड्यांच्या आत दिला पाहिजे. वर्षाच्या शेवटी गठ्ठ्याने दिला तर तोवर मुलगी विसरलेली असते, किंवा गेलेली. कुणाला काय द्यायचं ते संघनायिकांच्या सभेत ठरू दे. गाइडिंगमध्ये त्याला कोर्ट ऑफ ऑनर म्हणतात आणि तिथे मोठ्यांनी कमीत कमी बोलायचं असतं. आम्हाला ते जमायला वेळ लागतो, पण मुली आपल्यापेक्षा कडक असतात बघ. आणि देताना काय केलं ते सांगायचं. "अतिशय गुणी मुलगी" हे कुणालाही चिकटतं. "पावसात दिशा चुकल्यावर तिने नकाशा उलटा धरलाय हे ओळखलं" हे एकीलाच चिकटतं.

---

चौकोनी_चिमणी

रानवाटच्या शेवटच्या मुद्द्याला पुस्ती. 1998 मध्ये म्यूलर आणि ड्वेक यांचे प्रयोग प्रसिद्ध झाले, पाचवीच्या मुलांवरचे. 'हुशार आहेस' अशी स्तुती झालेली मुलं पुढे सोपं काम निवडत होती, अपयश आलं की गळून जात होती. 'मेहनत घेतलीस' असं ऐकलेली अवघड काम निवडत होती. आता 'सर्वोत्कृष्ट मुलगी' असा चषक घेतलेल्या मुलीचा पुढच्या वर्षी काय विचार होईल सांगा. चषक टिकवायचा तर काहीच अवघड हातात न घेतलेलं बरं. किंवा मग येऊच नये.

तर्ककर्कश, तुमच्या 1973 च्या बाजूलाच ठेवा हा कागद. :)

---

माळरान

माझं थोडं वेगळं मत. इतका वेळ सगळे 'मुलीला काय मिळतं' यावर बोलतायत. मला आठवणारा एकमेव समारंभ असा आहे ज्यात कुणालाच काही मिळत नाही. 22 फेब्रुवारीचा जागतिक चिंतन दिन. बेडन-पॉवेल आणि त्यांच्या पत्नी ओलेव्ह, दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला. 1926 मध्ये अमेरिकेतल्या जागतिक परिषदेत प्रतिनिधींनी असा दिवस ठरवला की या दिवशी जगभरच्या गाइडनी एकमेकींची आठवण काढायची. 1932 च्या परिषदेत भर पडली: वाढदिवस आहे तर भेट हवी, तेव्हा प्रत्येकीने एक छोटं नाणं द्यावं, इतर देशांतल्या गाइडिंगसाठी.

आमच्या शेकोटीपुढे त्या दिवशी एकेक जण यायची, एखाद्या देशाचं नाव घ्यायची आणि डब्यात नाणं टाकायची. बास. मी अबोल होते, बॅज फारसे मिळवले नाहीत, निळावंतीसारखा मंचाचा धसकाही होता. पण त्या रांगेत कुणी पहिलं-दुसरं नव्हतं. मी सोळाव्या वर्षापर्यंत राहिले, त्यात त्या संध्याकाळींचा वाटा मोठा आहे. बक्षीस न मिळणाऱ्या मुली बहुसंख्य असतात, त्यांच्यासाठी तुमच्या कार्यक्रमात काय आहे?

---

सुलभा_मावशी

माळरान, छान लिहिलंत. अशा मुलींच्या घरी मी एक साधी चिठ्ठी पाठवायचे, नंतर मीही मदतीला लागले तेव्हा. 'आज हिने अमुक केलं', दोन ओळी. आया जपून ठेवतात.

---

जुनी_खोड

सगळं वाचलं. कुणी हे लिहिलं नाही म्हणून लिहिते: मी तेराव्या वर्षी सोडलं, आणि जगातला कुठलाही समारंभ मला थांबवू शकला नसता. शिबिरात शौचालयाला दार नव्हतं. पडदा होता, तोही उडायचा. पाळी सुरू होती, सांगायला ताई नव्हती, सगळे सर. घरी येऊन 'कंटाळा आला' असं सांगितलं. गटाच्या वहीत माझ्या नावापुढे तेच लिहिलं असेल.

बॅज, पूल, शेकोटी सगळं छान आहे. आधी दार बसवा.

---

निळावंती

+१०००

---

रानवाट

जुनी_खोड, पटलं. ज्या शिबिरात स्त्री कार्यकर्ती नाही तिथे मुलींना नेऊच नये, हा आमचा नियम होता.

---

तर्ककर्कश

या धाग्यातला पहिला प्रतिसाद ज्याच्याशी मला वाद घालता येत नाही.

---

मृण्मयी_क

बैठक झाली. वृत्तान्त देते.

उपस्थितीचं पदक गेलं. निळावंतीचा परिच्छेद वाचल्यावर शांतता पसरली, मग एका काकांनी मागच्या वर्षांचे हजेरीपट काढून बघितले. शंभर टक्के उपस्थितीवाले सगळे मुलगे. 'सर्वोत्कृष्ट मुलगी' पण गेलं, त्याला मात्र बराच वेळ लागला, कारण एका सदस्यांनी चषक देणगी म्हणून आधीच कबूल केला होता. त्यांना संघनायिकांच्या सभेसाठी लाकडी पेटी द्या म्हटलं, तयार झाले.

सांध्यावरचा विधी ठरला. पुढच्या तुकडीत जाणाऱ्या मुली आधी महिनाभर तिकडच्या मुलींबरोबर काम करणार, मग ओलांडणार. पूल करायचा की नाही यावर मुलींमध्येच वाद चालू आहे. मोठ्या तुकडीतल्या दोघींना तो बालिश वाटतो, धाकट्यांना हवाच आहे. मी त्यात पडले नाही. किल्ल्या आणि सामानाची वही दोन मुलींच्या ताब्यात जाणार, सह्यांसकट. संध्याकाळची वेळ मात्र बदलता आली नाही, जागा दुसऱ्या वेळी मिळत नाही. त्यामुळे घरी पोचवायला जोडीची व्यवस्था करतोय, ती किती चालते बघायचं.

पालकांचा कार्यक्रम होणार, मंचाशिवाय, मैदानात. स्ट्रेचरचा आराखडा सुलभामावशींनी व्यनि (खासगी निरोप) करावा.

आणि जुनी_खोड, समारंभाच्या तरतुदीतून दार असलेला शौचालयाचा तंबू घ्यायचा असा प्रस्ताव मी मांडला. खजिनदार म्हणाले, हा खर्च 'पारितोषिके' या शीर्षाखाली टाकता येणार नाही.

---

टवाळ_पोर

'सन्मान' शीर्षाखाली टाका.

---

सुईदोरा

तंबू घेताना त्याची चेन आतूनही लागते ना ते बघा. बऱ्याच तंबूंना फक्त बाहेरून असते.

---

जुनी_खोड

हो, आणि आत टॉर्च टांगायला हूक हवा.